दोन्या रोसमिरा आणि मोनोचं दुखणं

दोन्या रोसमिराचा कुणावर विश्वास बसत नसे, आणि त्याला आपला धंदा जबाबदार आहे असे ती स्वतःच सांगे. ला सेहा गावात, जिथे बाईला मानाने दोन्या म्हणतात, चर्चच्या मागच्या गल्लीत तिने जन्मभर बायकांचे कपडे शिवले आणि जन्मभर बायका तिच्याशी खोटे बोलल्या. कमरेला टेप लावला की पोट आत ओढायच्या, श्वास कोंडून छताकडे बघायच्या, आणि मग झगा घट्ट झाला म्हणून तिच्याच दारात येऊन भांडायच्या. "माझी कंबर आहे तेवढीच आहे, तुम्हीच कापड मारलंत." रोसमिरा नुसती चष्म्यावरून बघे, आणि भांडायला आलेली बाई हळूच झगा बदलायला पडद्याआड जाई.

बाजारातून आणलेले चीज ती घरी येऊन पुन्हा तोलायची. रेडिओवर पाऊस सांगितला की हट्टाने कपडे वाळत घालायची. नवरा ओक्तावियो वारला तेव्हा बातमी सांगायला बाहेर आलेल्या डॉक्टरला तिने "पुन्हा एकदा नीट बघून या" म्हणून आत पिटाळले होते, आणि तो बिचारा खरेच जाऊन आला होता.

या जगात तिच्या संशयातून सुटलेले दोघेच होते. एक कोनाड्यातला संत आंतोनियो, आणि दुसरा मोनो. मोनो म्हणजे तिचा पिवळाधमक बोका, छातीवर पांढरा डाग असलेला. चिंध्यांच्या टोपलीत कुठून तरी येऊन झोपला होता तो, आणि मग तिथलाच झाला. मुलगी यानेत माद्रिदला गेल्यावर घरात बोलायला तेवढाच उरला. रोसमिरा त्याच्याशी 'तुम्ही' करून बोले. "मोनो, जेवलात का? मग असे पाठ फिरवून का बसलात?" ओक्तावियोला हयातीत एवढा मान मिळाला नव्हता, असे शेजारची नोएमी म्हणायची.

ही नोएमी भिंतीला भिंत लागून राहणारी. रोसमिरा जेवढी संशयी तेवढी नोएमी भोळी. लॉटरीवाला "या वेळी नक्की" म्हणाला की ती दर वेळी मान डोलवायची. एवढे असून दोघींचे जमायचे, कारण दोघींचे गुडघे सारखेच दुखत आणि दोघींना साखर घातलेली कॉफी वर्ज्य होती व दोघी ती पीत. भांडण असेच तर मोनोवरून. नोएमीने गच्चीवर चादरी वाळत घातल्या की त्यातली सर्वांत पांढरी निवडून मोनो तिच्यावर झोपायचा. "एक दिवस तुझ्या या साहेबांना पोत्यात घालून नदीपार सोडून येईन," नोएमी भिंतीवरून ओरडायची. पुढच्या सकाळी त्याच साहेबांसाठी माशाचे डोके आणून द्यायची.

यानेतची तिकडची कागदपत्रे अडली तेव्हा रोसमिराने संत आंतोनियोचे तेरा मंगळवार धरले. एका मागोमाग एक मंगळवार, संतापुढे ताजी फुले, मेणबत्ती आणि प्रार्थना. एकही चुकवायचा नाही, चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. फुलांची जबाबदारी नोएमीने आपणहून घेतली. तिचा भाचा फुलांच्या मळ्यावर कामाला होता, आणि देठ वाकडा म्हणून परदेशी न गेलेली फुले तो मावशीला देई. सुरुवातीला कार्नेशन यायची. मग भाच्याला लिलीच्या गोदामात घातले आणि लिली यायला लागली, पांढरी, मोठाल्या तोंडाची, एक देठ ठेवला तरी घरभर वास. संताच्या हातातही लिलीच असते, त्यामुळे रोसमिरा खूश झाली. "आता बघ, आंतोनियो ऐकतोच," ती म्हणाली. दोघींनी गुडघे टेकता येत नाहीत म्हणून खुर्च्यांवर बसून प्रार्थना केली.

दुसऱ्या दिवशी मोनोने वांती केली आणि शिवणयंत्राखाली जाऊन बसला. माशाच्या डोक्याकडेही त्याने बघितले नाही.

गावात जनावरांचे डॉक्टर एकच, पार्काच्या कोपऱ्यावरचे एचेवेरी. रक्त काढले, पोट चाचपले, दोन दिवस ठेवून घेतले, सलाइन लावले. मग रोसमिराला खुर्ची देऊन बसवले.

"दोन्या रोसमिरा, मूत्रपिंडं थकली आहेत. वय झालं की होतं मांजरांचं असं. आता जन्मभर पथ्य. हे खास खाणं मिळतं, तेच द्यायचं."

"कुठे मिळतं?"

"इथेच मिळतं. माझ्याकडे."

रोसमिराच्या मनात पाल चुकचुकली. तिने चष्म्यावरून डॉक्टरच्या मागच्या फळीकडे बघितले. फळीवर पिशव्यांची रास होती, आणि प्रत्येक पिशवीवर एक गुटगुटीत मांजर हसत होते.

"घरात काही नवीन, वेगळं त्याच्या तोंडात गेलंय का?" डॉक्टरने विचारले.

"माझ्या घरात नवीन काही येत नाही, डॉक्टर. जे आहे ते ओक्तावियोच्या वेळचं आहे," ती ताठ होऊन म्हणाली. प्रश्न तिला आवडला नव्हता. स्वतः पिशव्या विकायच्या आणि दोष आपल्या स्वयंपाकघराला द्यायचा, ही कुठली रीत? डॉक्टरनेही पुढे खोदून विचारले नाही. बाहेर एक कुत्रा केकाटत होता.

मोनो घरी आला तो बराच बरा होऊन, आणि बरोबर खास खाण्याची एक पिशवी घेऊन. खाऊ लागला, गच्चीवरही गेला. मंगळवारी संताची फुले बदलली, आणि बुधवारी तो पुन्हा आडवा. आता रोसमिराच्या डोक्यात चक्रे फिरू लागली. तिथे असतो तेव्हा बरा, घरी येतो तेव्हा आजारी. मग घरात नवीन काय आले? ते खास खाणे. एचेवेरी आजार पिशवीत भरून विकतो आणि मग त्यावर सलाइन लावतो, असे तिने पावाच्या दुकानात उभे राहून सगळ्यांना ऐकवले. पिशवी उचलून कचऱ्यात टाकली आणि मोनोला पहिल्यासारखी उकडलेली कोंबडी सुरू केली. शिवाय आईची रीत होती ती केली. घरात कुणी आजारी पडले की रोसमिराची आई संतापुढच्या फुलांचे पाणी चमच्याने पाजायची, आशीर्वादाचे पाणी म्हणून. रोसमिराला गोवर झाला तेव्हा ती त्याच पाण्यावर उठली, असे घरात सांगत. तिने मोनोचे तोंड हलकेच उघडून दोन चमचे आत घातले. "प्या. कडू लागलं तरी प्या. डॉक्टरपेक्षा हा मोठा आहे."

मोनो उठला नाही. उलट पाण्याच्या भांड्यापाशी मान खाली घालून नुसता बसून राहू लागला. पिशवी तर बंद झाली होती. म्हणजे पाणी दुसरीकडेच कुठेतरी मुरत होते.

त्याला मांडीवर घेऊन पुसताना तिला त्याच्या पांढऱ्या छातीवर काहीतरी दिसले. तपकिरी पिवळी पूड होती ती. बोटाला लागली की निघेना. रोसमिराचा हात थांबला. ही पूड तिच्या घरातली नव्हती. हळद नव्हे, मिरीपूड नव्हे, यंत्राच्या तेलाचा डाग नव्हे. मग मंगळवार, बुधवार, मंगळवार, बुधवार असे तिने मनात मांडून बघितले. दर मंगळवारी घरात कोण येते? नोएमी येते. कॉफी करायला आत स्वयंपाकघरात कोण जाते? नोएमी जाते. साहेबांना पोत्यात घालीन असे सगळ्या गल्लीसमोर कोण म्हणते? इतकी वर्षे ही भोळी बाई म्हणून आपण हिला घरात घेतली, आणि भोळे होतो ते आपणच. तिने ती पूड कपड्यांचे माप काढायच्या पातळ कागदावर खरवडून घेतली, पुडी बांधली आणि ब्लाउजमध्ये ठेवली.

मंगळवारी नोएमी आली. हातात लिली होती, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. रोसमिरा दार अडवून उभी राहिली.

"सरक की. पाय दुखतात माझे."

"फुलं दे इकडे."

नोएमीने फुले दिली. संताचा यात काय दोष, म्हणून रोसमिराने ती घेतली. दारातून मात्र हलली नाही.

"प्रार्थना मी एकटी म्हणेन आजपासून," ती म्हणाली.

"का गं? काय झालं?"

"ते तूच सांग. माझ्या मांजराला काय घालतेस?"

नोएमीला आधी कळलेच नाही. मग कळले, तसा तिचा चेहरा कसनुसा झाला. "मी? मोनोला? अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मासा त्याला कोण आणतं?"

"माशातूनच घालत असशील."

नोएमीला भांडता येत नसे, तेवढी तयारीच नव्हती. "बरं," ती म्हणाली, आणि आपल्या घरात गेली. गेली ती दार न आपटता, आणि ते रोसमिराला आणखीच संशयास्पद वाटले. निर्दोष बाईने दार आपटले असते. तिने लिली पाण्यात ठेवली, संताला सगळे सांगितले आणि मोनोला दोन चमचे पाजले.

सकाळी मोनोचे पाय लटपटू लागले तेव्हा तिने त्याला टोपलीत घातले, वर ओक्तावियोची शाल टाकली आणि रिओनेग्रो शहराची बस धरली. तिथे एक डॉक्टरीण आहे असे तिने ऐकले होते. एचेवेरीशी त्या डॉक्टरिणीची ओळख नाही हे तिने आधी दोघांना विचारून पक्के केले होते. पुरावा ब्लाउजमध्ये होता. दुसऱ्या डॉक्टरने विष म्हणून शिक्कामोर्तब केले की मोनोला त्यावरचा उतारा मिळणार होता, आणि नोएमीला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

डॉक्टरीण किन्तेरो वयाने यानेतएवढी होती. रोसमिराने मोनोला टेबलावर ठेवले आणि ओठ मिटून घेतले.

"आधी कुठे दाखवलंत का?"

"दाखवलंय. ते काय म्हणाले ते मी सांगणार नाही. तुम्ही तुमचं बघा."

डॉक्टरीण हसली नाही, रागावलीही नाही. तिने मोनोचे डोळे पाहिले, तोंड हुंगले, रक्त काढले, पोटावर यंत्र फिरवून पडद्यावर बघत राहिली. बराच वेळ गेला. रोसमिरा तिच्या हातांवर नजर ठेवून होती.

"मूत्रपिंडं," डॉक्टरीण म्हणाली.

झाले. म्हणजे दोघेही एकाच माळेचे मणी. रोसमिरा टोपली उचलणार, एवढ्यात डॉक्टरीण पुढे म्हणाली, "पण ही वयानं गेलेली नाहीत. म्हाताऱ्या मांजराची आकसून लहान होतात. याची सुजलीत. हे अलीकडचं आहे. त्याच्या पोटात विषारी काहीतरी गेलंय, आणि एकदाच नाही."

रोसमिराच्या अंगातून एक कळ गेली, आणि खरे सांगायचे तर त्या कळेत थोडा आनंदही होता. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी शिकलेल्या माणसाने तिचा संशय खरा ठरवला होता. तिने ब्लाउजमधून पुडी काढली. "हे घ्या. त्याच्या छातीवर सापडलं. कोण घालतं तेही मला ठाऊक आहे."

डॉक्टरिणीने पुडी उजेडात उघडली. पूड बोटावर घेतली, चोळली, वास घेतला. मग तिने मोनोच्या हनुवटीखालचे केस बाजूला केले. तिथेही तोच डाग होता.

"हे पराग आहेत, दोन्या. फुलातले. घरात लिली आहे?"

"संतापुढे आहे. पण ती फुलं आहेत."

"मांजराला ती विषच. अंगाला लागलेले पराग चाटले तरी मूत्रपिंडं जातात. पान चावलं, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी पुरे. माणसाला तसं काही होत नाही, म्हणून लोकांना ठाऊक नसतं. पाण्याला कधी तोंड लावलं का यानं?"

समोरची पोर वाट बघत उभी होती. हिला खोटे सांगणे सोपे होते. टेपशी खोटे बोलणाऱ्या बाया रोसमिराने जन्मभर पाहिल्या होत्या.

"लावलं नाही," ती म्हणाली. "मी पाजलं. चमच्यानं."

डॉक्टरिणीने सलाइनची तयारी सुरू केली. ती एवढेच म्हणाली की प्रयत्न करू, पण आशा फार ठेवू नका. रोसमिरा बाहेरच्या बाकावर बसली. तिला सारखे एकच आठवत होते, की तो तोंड फिरवत होता आणि तिने धरून ठेवले होते. फुले आणली नोएमीने, पण पाजले आपण. नोएमीवर बोट ठेवायचे म्हटले तर ते खोटे नव्हते. आणली तिनेच. जन्मभर ती ज्याची वाट बघत होती ते आज घडले होते. तिचा संशय खरा निघाला होता, माणूसही बरोबर निघाले होते, आणि ते कुणाला सांगावे असे तिला मुळीच वाटत नव्हते.

मोनो दुपारपर्यंत टिकला. शेवटी डॉक्टरिणीने तिला आत बोलावले. "आलेय मी, मोनो," ती म्हणाली. "झोपा तुम्ही." तिने त्याच्या कानामागे हात ठेवला तो गार पडेपर्यंत. या वेळी तिने पुन्हा नीट बघा असे कुणाला सांगितले नाही.

घरी येऊन तिने त्याला मागच्या अंगणात अंजिराच्या झाडाखाली पुरले. मग आत आली आणि कोनाड्यासमोर उभी राहिली. काम न करणाऱ्या आंतोनियोला त्या गावात डोक्यावर उभा करतात, नाहीतर भिंतीकडे तोंड करून ठेवतात. तिने त्याला उचलले, उलटा केला. "तू बघत होतास ना?" ती म्हणाली. "चमचा धरून बसले होते मी इथंच, तुझ्यासमोर." मग तिला रडू फुटले. ओक्तावियोच्या वेळी आले नव्हते इतके आले. रडणे ओसरल्यावर तिने संताला सरळ करून जागेवर ठेवले. लिली उचलून अंगणातल्या पिंपात टाकली, फुलदाणी उकळत्या पाण्याने घासली. पाजणारा तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी दार वाजले. नोएमी होती. मोनो गेल्याचे तिला पावाच्या दुकानात कळले होते. तिचे डोळे सुजलेले होते आणि छातीशी तिने लिलीचा एवढा मोठा भारा धरला होता की तिचा चेहरा अर्धाच दिसत होता.

"मंगळवार नाहीये, ठाऊक आहे मला," नोएमी म्हणाली. "भाच्याकडून मागून आणली. त्याच्यासाठी. तू हाकलून दे हवं तर, पण फुलं घे. माझ्या चादरींवर झोपायचा तो. मलाही वाटतं गं काहीतरी."

रोसमिरा बघत राहिली, चष्म्यावरून नव्हे, चष्म्यातून. तो गोड वास दारातच तिच्या नाकात भरला आणि तिला मळमळले. एक वाक्य जिभेवर आले होते. ते बोलले तर नोएमी तिथेच पायरीवर बसली असती, आणि पुढे कुठल्याच संतापुढे तिला फूल ठेवता आले नसते. जन्मभर भोळी राहिलेल्या बाईला तेवढे एक सत्य पुरले असते. कदाचित तिच्यापेक्षा जास्त रोसमिराला स्वतःलाच ते ऐकवणार नव्हते, हेही खरे. दोन्हींत कुठले किती, ते तिचे तिलाही सांगता आले नसते.

तिने हात पुढे करून भारा घेतला. तपकिरी पूड तिच्या काळ्या ब्लाउजवर सांडली.

"ये आत," ती म्हणाली. "चुकले मी. तुझं काही नव्हतं त्यात."

"मग काय होतं? दुसऱ्या डॉक्टरनं काय सांगितलं?"

रोसमिरा फुले घेऊन अंगणाकडे चालू लागली. मोनोच्या मातीपाशी पोचून ती खाली वाकली, गुडघ्याने नको म्हटले तरी वाकली.

"वय," ती पाठमोरीच म्हणाली. "मूत्रपिंडं थकली होती. मांजरांचं होतं असं."

"म्हणजे एचेवेरी म्हणत होता तेच?"

"तेच. तो बरोबर होता."

नोएमी जागच्या जागी थांबली. एवढ्या वर्षांत रोसमिराच्या तोंडून कुणाबद्दल तिने हे ऐकले नव्हते. ती जवळ आली, वाकून मैत्रिणीचा चेहरा बघू लागली, आणि पहिल्यांदाच तिच्या भोळ्या डोळ्यांत संशय उतरला.

"रोसमिरा, तू माझ्यापासून काही लपवत नाहीस ना?"

"लपवायचंय काय," रोसमिरा म्हणाली, आणि एक एक देठ मातीत खोचत राहिली.